तालमीच्या खोलीतल्या तुम्हा सगळ्यांचे आभार

बाबांना पक्षाघात झाला आणि उजव्या हाताबरोबर वाचाही गेली. समजायचं सगळं, पण ‘पाणी’ एवढा शब्दही ओठांवर येईना. उमेदीची वर्षं हौशी रंगभूमीवर घालवलेला माणूस असा गप्प बसलेला बघवत नव्हता.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ती आमची सांगली. इथे तालमीची खोली शोधावी लागत नाही. बाबांना नुसतं बसायला म्हणून तुमच्याकडे आणलं. पेटीवरच्या ताईंनी नांदीचे सूर धरले आणि बाबा गायला लागले. शब्दांसकट! नंतर वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी सांगितलं, बोलणं बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागातून चालतं, गाण्याला उजवा भागही साथ देतो. म्हणून डाव्या हाताने ठेका धरत, सुरात शब्द काढून घेण्याची एक पद्धतच आहे. सगळ्यांना ती लागू पडते असं नाही.

तुम्ही बाबांसाठी चार वाक्यांची भूमिका बेतलीत. प्रॉम्प्टर दादा पहिलं अक्षर हळूच द्यायचे आणि थांबायचे. किती थांबायचे! बाबांचं वाक्य कुणीही स्वतः पुरं केलं नाही. घरी आम्हाला तेवढं जमलं नव्हतं.

परवा सकाळी बाबांनी मांडीवर ठेका धरला आणि आईला म्हणाले, ‘चहा... दे.’ आई ओट्याशी रडत राहिली, चहा उतू गेला.

नावं लिहायची नाहीत असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहीत नाही. गुरुवारी बाबा वेळेवर येतील.