सुईसारखं बिट फेकायला लावणाऱ्या काकांना

काका, सा. नमस्कार.

"हे सगळं एकदा कुठेतरी लिहून टाक, म्हणजे पुढचा कुणी येऊन माझं डोकं खाणार नाही," असं तुम्ही निघताना म्हणाला होतात. म्हणून पत्र तुम्हाला असलं तरी चारचौघांनी वाचावं असं लिहिते आहे. नाव घातलेलं नाही. घातलं तर तुम्ही रागवाल, आणि लोक पत्ता शोधत येतील ते वेगळंच.

त्या शनिवारी डोंबिवलीहून ग्रँट रोडला उतरून मी लॅमिंग्टन रोडवर आले, तेव्हा पर्समध्ये अठरा हजार रुपये होते आणि जपानी सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे सोल्डर (कथलाची वायर) वितळवून भाग जोडायचं तापमान ठरवता येणारं हत्यार, घ्यायचं नक्की झालं होतं. दुकानदार खोका काढायला आत गेला. काउंटरशी उभे असलेले तुम्ही, ओळख ना पाळख, विचारलंत, "काय करणार त्याने?" मी म्हटलं, बिटएक्स बांधतेय. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा तो ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकायचा आणि बोलायचाही रेडिओ. कोऱ्या कॉपर क्लॅडवर (तांब्याचा पत्रा चढवलेल्या बोर्डवर) सुटे भाग एकमेकांना आणि खालच्या तांब्याला जोडत जायचं. पण ग्राउंडचा एक जोड धड बसेल तर शपथ. "बिट कुठलं?" बिट म्हणजे हत्याराचं तापणारं टोक, माझं पर्समध्येच होतं. सुईसारखं टोक, काळंठिक्कर. तुम्ही ते दोन बोटांत धरून पाहिलंत आणि आत हाक मारलीत, "राहू दे रे तो खोका."

दुकानदाराचा चेहरा आठवला की अजून हसू येतं.

मग वरच्या मजल्यावरचं ते दुरुस्तीचं टेबल. तुम्ही २.४ मिलिमीटरचं चपटं, छिन्नीसारखं बिट लावलंत, तापमान ३३० वर ठेवलंत आणि माझ्याच बोर्डवर, जिथे मी ४५० अंशांवर अर्धा अर्धा मिनिट घासत बसायची, तिथे बिटाची सपाट बाजू टेकवलीत. एक, दोन, तीन. सोल्डर पाण्यासारखं पसरलं. मला आधी वाटलं, स्टेशनच भारी असणार. तुम्ही त्यावर माझं सुईटोक चढवलंत आणि हँडल माझ्या हातात दिलंत. तोच बोर्ड, तेच स्टेशन, तेच ३३० अंश, आणि जोडाचा पुन्हा तोच भुगा. "बारीक नळीने हंडा भरायला बसलीस तू," म्हणालात. तांब्याचा पत्रा उष्णता ओढून घेतो, सुईचं टोक त्याला जेमतेम टेकतं, मग मी तापमान वाढवते, त्याने फ्लक्स, म्हणजे जोड साफ करून सोल्डर पसरवणारा पदार्थ, आधीच जळून जातो, बिट काळं पडतं, आणि काळ्या बिटातून उष्णता आणखी कमी उतरते. वर्षभर मी याच चक्रात फिरत होते. ते मोडायला साधं चपटं बिट पुरलं.

बिट काळं का पडलं, हे सांगताना तुम्ही कल्हईवाल्याचं उदाहरण दिलंत. पितळेचं भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं. बिटालाही तशीच कल्हई लागते, कामाच्या आधी आणि काम संपल्यावरही. मी उलट करत होते. बंद करण्याआधी बिट पुसून लख्ख करायची आणि त्या उघड्या टोकावर हवा आपलं काम करायची. शिवाय मी त्याला पॉलिश पेपर लावला होता. आमचे बाबा दर रविवारी इस्त्रीचं, म्हणजे त्यांच्या त्या जुन्या सोल्डरिंग आयर्नचं, टोक कानशीने घासायचे, ते लहानपणापासून पाहिलेलं. तुम्ही रागावला नाहीत. "त्यांचं बरोबर होतं. ते भरीव तांब्याचं बिट. कथील तांबं खातं, खड्डा पडला की घासायचं." आताच्या बिटाच्या तांब्यावर लोखंडाचा पातळ थर असतो तो त्याचसाठी. मी तोच थर घासून टाकला होता. बाबांची चूक नव्हती हे ऐकून मला का बरं वाटलं कोण जाणे, पण वाटलं.

सोल्डरच्या बाबतीत मात्र तुम्ही चांगलंच झापलंत. घरात सात वर्षांची मुलगी, म्हणून मी बिनशिशाची वायर घेतली होती, तीही १८ गेजची जाडजूड. ती वितळते २१७ अंशांच्या पुढे. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेली १८३ ला मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. मधल्या त्या सात अंशांत हात हलला की ड्राय सोल्डर, म्हणजे वरून बसलेला दिसणारा पण कच्चा जोड. ६३-३७ ची वायर १८३ ला थेट वितळते आणि थेट गोठते, म्हणून शिकणाऱ्याने तीच घ्यावी, २२ गेजची, पोटात राळेचा फ्लक्स असलेली. नळवाल्यांच्या पेस्टची माझी डबी तुम्ही कचऱ्यात टाकलीत. तिच्यातल्या आम्लाने माझ्या जुन्या जोडांवर हिरवं चढलं होतं, ते तोवर मला बुरशीसारखं काहीतरी वाटायचं.

शिशाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, ते पोटात जातं ते हातावरून. म्हणून आता वेगळा ट्रे आहे, जेवणाच्या टेबलावर काम बंद, आणि उठलं की साबणाने हात. पण धूर राळेचा असला तरी "उदबत्तीसारखाच" हे तुमचं वाक्य मी मानलेलं नाही. राळेच्या धुराने दमा होऊ शकतो, आणि तुमचा तो खोकला मी ऐकलाय. धूर तोंडापासून दूर ओढणारा छोटा पंखा मी बसवला आहे. तुम्हीही बसवा.

मग माझं दोन पिनांचं जुनं आयर्न. मी आयआरएफ ५१० मॉसफेट (रेडिओतला एक ट्रान्झिस्टर) दोनदा बदलले होते आणि दोष दुकानदाराच्या मालाला देत होते. तुम्ही मल्टिमीटर काढून बिट आणि अर्थिंग यांच्यामध्ये व्होल्टेज मोजलंत: नव्वदच्या आसपास. प्रवाह अगदी थोडा, म्हणून हाताला बहुधा जाणवत नाही, मॉसफेटच्या गेटला (त्याच्या नाजूक पायाला) मात्र पुरतं. ते दोन त्यानेच गेले असं छातीठोक सांगता येत नाही म्हणालात. तुमचा हा खरेपणा मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त आवडला.

शेवटी मी अठरा हजारांतले अडीच हजार खर्च केले. टी१२ जातीच्या बिटांचं चिनी स्टेशन. यात हीटर आणि तापमान मोजणारा सेन्सर बिटाच्या आतच असतो. माझ्या आधीच्या स्टेशनात हीटर आणि बिट यांच्यामध्ये हवेची फट होती, पडद्यावर ३५० दिसायचं आणि टोक कुठेतरी मागे रेंगाळायचं. २४ व्होल्ट, आठ ओहम, म्हणजे ७२ वॅट. तुम्ही पाकिटाच्या पाठीवर हिशोब करून दाखवला होतात. घरी गेल्यावर आधी काय करायचं तेही लिहून दिलंत, नाहीतर मी केलं नसतं: प्लग काढून, प्लगची अर्थ पिन ते बिटाचं टोक एवढा रोध मोजायचा. मीटर काहीच दाखवेना. उघडलं तर हँडलपासून आलेली अर्थची तार आत नुसती लोंबत होती. ती मी स्वतः जोडली. नव्या स्टेशनचं पहिलं सोल्डरिंग त्याच्याच पोटात, तेही जुन्या आयर्नला चपटं बिट लावून!

बिटं दोनच घेतली, एक २.४ चं चपटं आणि एक तिरकं कापलेलं. आतापर्यंत तिसऱ्याची गरज पडलेली नाही. एनॅमल वायरची, म्हणजे लाखेसारखा लेप असलेल्या तांब्याच्या तारेची, टोकं मात्र मी अजून ब्लेडने खरवडूनच घेते.

गेल्या मंगळवारी रात्री रिसीव्हरचा भाग पूर्ण झाला. बाल्कनीच्या दांडीला तार बांधली. आधी नुसती खरखर, मग लिफ्टच्या मोटरची घरघर, आणि पावणेदहाच्या सुमाराला एक माणूस दुसऱ्या माणसाला आपल्या अँटेनाची उंची सांगत होता. मुलगी झोपेतून उठून आली आणि म्हणाली, हे आपल्याशी बोलतायत का? मी म्हटलं, नाही गं, आपण नुसतं ऐकतोय. ती तशीच मांडीवर बसून राहिली. तुम्हाला तेव्हाच फोन करणार होते, पण उशीर झाला होता.

खूप खूप आभार, काका.

ता. क. तुमचा डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा) माझ्या पिशवीत आला आहे. त्याचं टोक वितळलं होतं, नवं बसवलंय. पुढच्या शनिवारी आणून देते.