कडू कसाव्याच्या शेतातून

साओ गाब्रिएल दा काशोएरा, ब्राझील

प्रिय मुग्धा,

तुझं पत्र मिळालं. 'तिकडच्या आदिवासी स्वयंपाकातल्या चार-पाच पाककृती नीट लिहून पाठव, मी करून बघते,' असं तू म्हणतेस. पाठवायला मला आवडलंच असतं. पण इथल्या बानिवा आणि तुकानो बायकांच्या हाताखाली मी जे शिकते आहे, ते 'साहित्य' आणि 'कृती' अशा दोन रकान्यांत बसवायला गेले की त्यातलं बरंचसं बाहेरच राहतं. म्हणून हे लांबलचक पत्र.

हे गाव ॲमेझॉनच्या खोऱ्यात, रिओ नेग्रो नदीच्या वरच्या अंगाला आहे. इथे २००२ पासून पोर्तुगीजच्या बरोबरीने न्हेंगातू, तुकानो आणि बानिवा याही अधिकृत भाषा आहेत. भोवती एवढं घनदाट जंगल, पण जमीन निकस, नदीचं पाणी काळसर आणि आम्लधर्मी, मासेही बेताचेच. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आलाय तो कडू कसावा. कसावा म्हणजे ज्याच्या सत्त्वापासून साबुदाणा करतात तोच कंद, पण इथले बरेचसे वाण कच्चे खाल्ले तर विषारी. तरीही बायका तेच लावतात, आणि त्याला कारणं आहेत. कडू कंदाला कीड आणि जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, निकस मातीतही तो चांगला पोसतो आणि काढायची घाई नसते. लागेल तेव्हा लागेल तेवढा खणायचा, बाकीचा जमिनीतच राहू द्यायचा.

आता त्यातलं विष कसं काढतात ते ऐक, मी सगळ्यात जास्त थक्क झाले ती इथेच. कंदात लिनामॅरिन नावाचं द्रव्य असतं. ते पेशीच्या आत एका बाजूला असतं आणि त्याचं विघटन करणारं विकर पेशीच्या भिंतीपाशी. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ते जेमतेम २६ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे एकदा मोकळं झालं की धुऊन, पिळून, भाजून घालवता येतं. पण अख्खा कंद नुसता उकडला तर ते विकरच उष्णतेने मरतं आणि विष आतच अडकून राहतं. म्हणून कंद आधी किसायचा. हे रसायन कोणी प्रयोगशाळेत उलगडायच्या कितीतरी आधीपासून या बायकांच्या आज्या-पणज्या हेच करत आल्या आहेत.

किसणी म्हणजे लाकडी फळी, तिच्यात गारगोटीच्या बारीक कपच्या एकेक करून ठोकून बसवलेल्या. या किसण्या बानिवांनी करायच्या आणि शेजारच्या जमातींनी त्यांच्याकडून घ्यायच्या, असा जुना रिवाज. किसलेला चोथा तिपितीत भरतात. तिपिती ही सापासारखी लांब विणलेली नळी. ती तुळईला टांगायची, खालच्या फासात दांडा अडकवायचा आणि दांड्यावर बसायचं. नळी ताणली जाते, अरुंद होते आणि रस निथळू लागतो. रसाच्या तळाशी पांढरं सत्त्व बसतं ते वेगळं काढायचं. वरचा पिवळा रस खूप वेळ उकळला की तुकुपी, आणि आणखी आटवून काळा, दाट झाला की काळी तुकुपी. ही आंबटगोड, खमंग चव कशासारखी आहे म्हणून विचारशील तर मला सांगता येणार नाही. उरलेला चोथा चाळून मोठ्या गोल तव्यावर थापला की बेजू, आणि परतत राहून कोरडा रवाळ केला की फारिन्या.

सकाळी गावच्या सामाईक घरात प्रत्येक घरून एकेक भांडं येतं. त्यात किन्यापिरा असतं, म्हणजे भरपूर मिरच्या घालून उकळलेला माशांचा रस्सा. बेजूचा तुकडा त्यात बुडवायचा आणि खायचा. ज्या घरी मासा मिळाला नाही तेही त्याच भांड्यांतून जेवतात. हे कोणी बोलून दाखवत नाही आणि कोणाला त्याचं अवघडही वाटत नाही.

तुला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. तुकानोंमध्ये लग्न दुसरी भाषा बोलणाऱ्या गटातच करायचं असतं. मुलगी सासरी निघाली की आई तिला कसाव्याच्या कांड्या देते, सासूही देते, पुढे नणंदा-जावांशी देवघेव चालू राहते. या भागात कसाव्याचे शंभराहून जास्त वाण टिकले ते असे, माहेर-सासरच्या वाटेने. आमच्या यजमानीणबाई शेतातून चालताना प्रत्येक झाड कोणाकडून आलं ते सांगतात. त्यातल्या काही बायका आता हयात नाहीत, झाडं आहेत. रिओ नेग्रोच्या या शेतीपद्धतीला ब्राझीलच्या वारसा संस्थेने २०१० मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पदार्थ, बी-बियाणं, शेत, अवजारं असं सगळं मिळून दिलेली ही मान्यता मला फार योग्य वाटते.

हल्ली मोठ्या शहरांतल्या महागड्या हॉटेलांत काळी तुकुपी वाढतात. त्यात वाईट काही नाही, पण ती कोणी शोधली, कोणी बनवली आणि पैसे कोणाला मिळाले, हे विचारलंच पाहिजे. बानिवा बायकांची मिरचीपूड मला म्हणून आवडते. अनेक जातींच्या मिरच्या मिठासह कुटलेली ही पूड त्यांच्या स्वतःच्या नावाने विकली जाते.

म्हणून तू इथेच ये. आदिवासी भूमीत शिरायला फुनाय या सरकारी संस्थेची परवानगी लागते आणि त्याआधी गावाची संमती. १९८७ मध्ये स्थापन झालेला इथल्या आदिवासी संघटनांचा महासंघही त्यात लक्ष घालतो. हे सगळं व्हायला वेळ लागतो. तेव्हा तिकीट काढण्याआधी तारखा कळव, म्हणजे गावच्या पुढच्या बैठकीत मी तुझं नाव मांडते. त्यांनी हो म्हटलं की पुढचं लिहीन.

तुझी,
रेवा