आण्णा, 'नदीला जाऊ नका' असं न म्हटल्याबद्दल

आदरणीय आण्णा,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहू नको असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नुसतं आण्णा. आपल्याकडे प्रत्येक घाटावर एखादे आण्णा असतातच, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही. तरीही हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते एका घरापुरतं ठेवण्यासारखं नाही. मुलाबाळांना घेऊन होडीत बसावं, कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी चालवावी असं वाटणारी घरं आता सांगली-साताऱ्यात वाढली आहेत, आणि त्यांना धड सांगणारं कुणी भेटत नाही.

सांगलीत वाढलेल्या पोराच्या कानावर एक वाक्य रोज पडतं, "नदीला जाऊ नको." माझ्या आईनं मला सांगितलं, मी माझ्या मुलांना सांगत आले. त्यात नवल नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांना गेलं की इशारा आणि 45 फुटांना धोका, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि घरंच्या घरं उजाड झाली. हे बघितलेल्या गावात कुणी आपल्या लेकराला नदीत सोडेल का? पण याचा दुसरा परिणाम असा झाला, की कृष्णेच्या काठी जन्मलेल्या आमच्या मुलांना कृष्णा फक्त पुलावरून माहीत.

माझ्या भावानं पुण्याहून दोन फुगवायच्या कयाक आणल्या तेव्हा घरात दोन तट पडले. एक म्हणे कोलाडला जाऊ. पण तिथल्या कुंडलिका नदीतलं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजगृहातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर चालतं, ते खळाळाचं पाणी आहे आणि साधारण 14 वर्षांखालच्या मुलांना तिथं नेत नाहीत. आमचा धाकटा तर अजून प्राथमिक शाळेत. दुसरा तट म्हणे, घराजवळची कृष्णा काय वाईट? औदुंबरच्या घाटावरून सुटायचं, प्रवाहाबरोबर निवांत खाली यायचं. दत्ताचं दर्शन, काठाची झाडी, संथ पाणी. हाच प्रश्न घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो. पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी मोजण्यात तुमचा जन्म गेलेला, आणि त्याआधी तरुणपणी होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलेलं. तुमच्याइतकं हे पात्र ओळखणारं दुसरं कोण होतं?

तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलंत आणि पेन्सिलीनं नदी काढलीत. वर महाबळेश्वर, मग धोम, वाई, माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, खाली ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा. मग त्या रेघेवर एकेक फुली मारत गेलात. कराडच्या वर खोडशी, खाली बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ. सगळे बंधारे. प्रत्येक फुलीला तुम्ही थांबत होता, आणि मुलं तुमच्या पेन्सिलीच्या टोकाकडे टक लावून बघत होती.

बंधाऱ्याचं तुम्ही जे समजावलंत ते मी इथं मुद्दाम सविस्तर लिहिते. पावसाळा संपला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात, मागं पाणी तुंबतं आणि कित्येक किलोमीटर आरशासारखं संथ होतं. नवख्या माणसाला वाटतं, यापेक्षा चांगलं पाणी कुठलं! पण होडीत माणूस खाली बसलेला असतो. वरच्या बाजूनं येताना त्याला बंधाऱ्यापलीकडचं पडणं दिसतच नाही, दिसते ती फक्त पाण्यावरची एक सरळ रेघ. आणि बंधाऱ्याखाली पडलेलं पाणी पुढं न जाता उलट फिरून भिंतीकडे येतं. त्यात सापडलेला ओंडका तासन् तास तिथंच गरगरत राहतो. माणसाचंही तेच होतं, पट्टीच्या पोहणाऱ्याचंसुद्धा. एखाद्या गाळ्याचे बरगे काढलेले असले तर सगळ्या पाण्याची ओढ त्या एका फटीकडे. तुम्ही म्हणालात, "बंधारा दिसला की होडी फिरवायची असं नाही. बंधारा कुठं हाय ते माहीत असल्याबिगर होडी पाण्यात घालायचीच नाही."

मग औदुंबर. तिथं तुम्ही फुली मारली नाही, तो सगळा टप्पाच पेन्सिलीनं काळा केलात. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. हिवाळ्यात सकाळी ऊन खायला त्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या जमिनीच्या, कडेला येऊन पडतात, फेब्रुवारीनंतर काठाच्या मातीत अंडी घालतात आणि तेव्हा मादी अंड्यांपासून हलत नाही. आपण जी वेळ आणि जो काठ फिरायला निवडणार, नेमकी तीच वेळ आणि तोच काठ त्यांचा. फुगवायच्या कयाकमध्ये लेकरं बसवून तिथं जायचं नाही, विषय संपला. हे सांगताना तुमच्या आवाजात मगरीबद्दल राग अजिबात नव्हता, हे मुलीनं बरोबर टिपलं. परतताना ती म्हणाली, "आण्णा मगरीबद्दल शेजारणीसारखं बोलतात."

एवढं ऐकल्यावर दुसऱ्या कुणी आम्हाला "तर मग घरी बसा" असं सांगून वाटेला लावलं असतं. याच जागी तुमचे उपकार सुरू होतात. पेन्सिल खाली न ठेवता तुम्ही विचारलंत, "तुमच्यात सगळ्यात कच्चं कोण?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. सासूबाई पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या, त्या आमच्यातल्या सगळ्यात पक्क्या. कच्चा तो धाकटा, आणि खरं सांगायचं तर त्याचे वडीलही. "मग पाणी त्या दोघांच्या मापाचं बघू," असं म्हणून तुम्ही पेन्सिल कोयनेवर नेलीत.

शिवसागराची शिफारस तुम्ही केलीत. कोयना धरणाचं हे पाणी तापोळा, बामणोली, मुनावळ्यापर्यंत डोंगरांच्या कुशीत शिरलेलं आहे. तिथं प्रवाहाची ओढ जवळजवळ नाही, बंधारे नाहीत, होडीवाल्यांची माणसं पाण्यावर असतात. मुनावळ्याला तर 2024 साली सरकारी जलपर्यटन केंद्रही सुरू झालं. तापोळ्याला सोळशी नदी कोयनेला मिळते. पलीकडच्या काठाला कोयना अभयारण्याचं जंगल, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं उतरायचं नाही. धरणाच्या भिंतीच्या बाजूला तर फिरकायचंही नाही. आणि जिथं जाल तिथल्या होडीवाल्याला आदल्या दिवशी विचारायचं: पाणी किती आहे, जाळी कुठं लावलीत, काही जनावर दिसलंय का. "नकाशा माझा, पण आजचं पाणी त्याला ठाऊक," हे तुमचे शब्द.

हंगामाचंही तुम्हीच सांगितलंत. 105.25 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) हे धरण पावसाळ्यानंतर भरलेलं असतं, तेव्हा पाणी गवताच्या काठाला टेकतं आणि होडी सहज आत ढकलता येते. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं मागं हटतं की काठापासून पाण्यापर्यंत गाळच गाळ, त्यात मुलांचे पाय रुततात. म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. तेही सकाळी. दुपारी डोंगरातून वारं सुटतं आणि फुगवलेली होडी पानासारखी भरकटते. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी. मोठी माणसं तासाला 3-4 किलोमीटर वल्हवतात, लेकरं बरोबर असली की त्याच्या निम्मं धरायचं आणि त्या हिशोबानं ठिकाण ठरवायचं. काठ कायम हाकेच्या अंतरावर हवा. आणि कुठं चढायचं हे ठरवण्याआधी कुठं उतरायचं ते बघायचं, जिथं गाडी पोचते, जिथं मधेच मूल रडायला लागलं तरी बाहेर पडता येतं. देखावा सगळ्यात शेवटी बघायचा, असं तुम्ही म्हणालात. तो आपल्याकडे कुठूनही चांगलाच दिसतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आपणहून घरी आलात, ते मी विसरणार नाही. आम्ही लाइफ जॅकेटं आणली होती. तुम्ही धाकट्याला ओट्यावर उभं केलंत, सगळे बंद आवळलेत आणि जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला सरळ वर उचललंत. जॅकेट त्याच्या कानापर्यंत वर सरकलं आणि हनुवटी आत गेली. "पाण्यात पण हेच होणार. जॅकेट तरंगंल, पोरगं खाली." त्याच रात्री भाऊ बाजारात जाऊन पोराच्या वजनाचं, मांड्यांमधून पट्टा येणारं जॅकेट घेऊन आला. तुम्ही पुन्हा उचलून बघितलंत. या वेळी जॅकेट जागचं हललं नाही आणि धाकटा हवेत पाय हलवत खिदळायला लागला. मग तुम्ही माझ्या नवऱ्याकडे वळलात आणि म्हणालात, "आता तुम्ही या." त्यांना उचलायला दोघं लागले.

मूल असलेल्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे: दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे उचलून बघणं विसरू नका.

तिथला दिवस कसा गेला हे फोनवर सांगितलंच आहे, तरी एक गोष्ट राहून गेली होती. बामणोलीजवळच्या एका आतल्या खाडीत, काठालगत, आम्ही वल्ही थांबवली. वल्ह्याच्या पात्यावरून पाण्याचे थेंब टपकत होते तेवढाच आवाज. पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. मुलगी हळूच म्हणाली, "हे झाड कुणाच्या शेतात असंल?" तुम्ही तिला सांगितलं होतं ना, की या पाण्याखाली गावं आहेत, शेतं आहेत, धरण झालं तेव्हा ती माणसं उठून दुसरीकडे गेली. ते तिच्या डोक्यात राहिलं होतं. सासूबाईंनी तिथंच पाण्याला हात जोडले. मीही जोडले.

आता ती मागं लागली आहे की वाहतं पाणी कधी. तुमचं उत्तर तिला तोंडपाठ आहे: होडी हव्या त्या बाजूला वळवता आली पाहिजे, पाण्यात पडल्यावर परत चढता आलं पाहिजे, आणि हे दोन्ही संथ पाण्यात जमल्याशिवाय वाहत्या पाण्याचं नाव काढायचं नाही. म्हणून सध्या तिचा सराव चालू आहे. कराडचा प्रीतिसंगम तिला खुणावतो, पण कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भिडतात, आणि कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू झालं तरी कोयनेत 1,050 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी वाढतं, हे तिनं वहीत लिहून ठेवलं आहे. वहीचं नाव 'आण्णांची नदी'. त्यात वाळूच्या उपशानं पडलेल्या खड्ड्यांचं, मोटारींच्या पाइपांचं, जॅकवेलपासून (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीपासून) लांब राहायचं, केंदाळात (पाण्यावर पसरणाऱ्या जलपर्णीत) वल्हं अडकलं तर काय करायचं, सगळं आहे. अक्षर गिचमिड आहे, पण तुम्हाला लागेल.

आमच्या शेजारणीनं विचारलं, "भीती नाही वाटत?" मी म्हटलं, वाटते, पण आता कशाची वाटायला पाहिजे ते माहीत आहे. पूर्वी सगळ्या नदीचीच वाटायची. हा फरक तुमच्यामुळे पडला, आणि तो पैशानं विकत मिळणारा नव्हता. तुम्ही आमच्याकडून चहाखेरीज काही घेतलं नाहीत. तुमच्या वयात, गुडघे दुखत असताना, दोन वेळा आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढून आलात. परक्या लेकरांसाठी एवढं कोण करतं?

पुढच्या हिवाळ्यात मेणवलीला जायचं ठरतं आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट मुलांना दाखवायचा आहेच. तिथल्या पाण्यात उतरायचं की नुसतं घाटावर बसून डबा खायचा, हे धोममधून त्या आठवड्यात काय सोडलं आहे त्यावर, आणि तुमच्या शब्दावर. या वेळी गाडीत पुढची सीट तुमची. सासूबाईंनी काकूंनाही घेऊन यायचं सांगितलं आहे, बाजरीच्या भाकरी आणि खर्डा त्या करणार आहेत. तारीख तुम्ही कळवा, कॅलेंडरवरची ती नदी मात्र आमच्याकडेच राहू द्या. ती आम्ही फ्रेम करून घेतली आहे.

आपली नम्र,
सांगलीतली एक आई,
आणि घरची सगळी