माळ राखणाऱ्या मेंढपाळ मामांना

मामा, नमस्कार.

बारामतीकडच्या माळावर घागरीच्या, म्हणजे वाळल्यावर शेंगा खुळखुळणाऱ्या रानझुडपाच्या, शेंगा वाळेपर्यंत तुम्ही मेंढरं त्या पट्ट्यात घालत नाही, पेटवू देत नाही आणि नांगर फिरू देत नाही, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. त्याच पट्ट्यात हिंगा नावाचा भुंगा आणि घागरीवरचा पांढरा पतंग शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

दोघेही दिवसा वावरतात आणि दोघेही रंगानंच सांगतात, 'खाऊ नका'. हिंगा काळा, अंगावर नारिंगी पट्टे, लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. पतंग पांढरा, पंखांवर लाल-काळे ठिपके. गवत हललं की तो थोडंसं उडून पुन्हा काडीवर बसतो आणि पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो. लांबून गोंधळ उडतो. पण भुंग्याच्या मिशा टोकाला जाड असतात, पतंगाच्या दोऱ्यासारख्या बारीक.

खरा फरक विषाचा. हिंगे कँथरिडीन हे फोड आणणारं विष स्वतः तयार करतात. दाबला की पायांच्या सांध्यांतून पिवळा थेंब येतो आणि काही तासांनी कातडीवर फोड उठतो. म्हणून अंगावर बसला तर चिरडू नये, फुंकून उडवावा. रस लागलाच तर साबणानं धुवावं आणि तो हात डोळ्याला लावू नये. पतंगाला मात्र विष घागरीसारख्या झाडांकडून मिळतं. सुरवंट हिरव्या शेंगेत तोंड घालून बिया खातो आणि ते विष पुढे पतंगातही टिकतं. घागर गेली की त्याचं रक्षणही धोक्यात येतं. जनावरांच्या यकृतालाही घागर बाधते, त्यामुळे तुम्ही मेंढरं दूर ठेवता ते दोन्ही बाजूंनी योग्यच.

मोठे झालेले हिंगे बाजरीच्या कणसावर, तुरीच्या नि भेंडीच्या फुलावर पडतात, म्हणून शेतकरी वैतागतात. पण त्यांच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात. माळ नांगरला की ती अंडी उघडी पडतात, अळ्यांचं अन्नच जातं. पतंगाचे कोष पालापाचोळ्यात असतात, त्यांना वणव्याचा धोका जास्त. एकाला माती शाबूत हवी, दुसऱ्याला झाड आणि पाचोळा.

कणसावरचे हिंगे सकाळी गारठ्यात सुस्त असतात. तेव्हा हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात झटकायचे, हे तुम्ही शेजारच्या शेतकऱ्यांना शिकवलंत आणि फवारा टळला. त्याचेही आभार.

आपले,
माळावरच्या किड्यांची नोंद ठेवणारे