घाबरलेली पोर कोणत्या भाषेत बोलेल?

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सेवा जोहार.

आश्रमशाळेत काही विपरीत घडले की सीसीटीव्ही, कुंपण, अधीक्षिकांची रिक्त पदे यांवर आदेश निघतात. निघावेतच. पण गडचिरोलीतल्या भामरागडच्या एखाद्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या पाड्यावरून, सहा वर्षांची पोर वसतिगृहात येते, तेव्हा तिला मराठी कळत नसते आणि बाईंना बहुधा माडिया किंवा गोंडी येत नसते. कुणी अंगाला हात लावला तर ती सांगणार कुणाला, कॅमेऱ्याला?

धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी गोटुल शाळा स्वतः उभी केली. गोटुल म्हणजे गोंड गावातले तरुण मुलामुलींनी एकत्र जमून शिकण्याचे घर. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी असे सांगणारा संविधानातला अनुच्छेद ३५०क त्या वेळी कुणाला आठवला नसावा.

त्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने बंद पडलेले गोटुल पुन्हा बांधले, तेव्हा सागाचे लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. गावाने परत बांधले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावात बाया ग्रामसभेत बरोबरीने बसू लागल्या आणि त्यांच्याच आग्रहाने दारूबंदी झाली. घरातली मारहाण थांबवायची तर दारूवर बोलावे लागते, हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकावे लागले नाही.

जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही. पाळीच्या दिवसांत बाईला गळक्या कुर्माघरात झोपवणे ही आमचीच रीत आहे आणि ती गेली पाहिजे. पण ती घालवायची तर गोंडीत भांडणाऱ्या बायाच लागतील.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी समाजांच्या अभ्यासात असे दिसले की, जिथे निम्म्याहून जास्त लोक आपली भाषा बोलत होते, तिथे तरुणांच्या आत्महत्या जवळपास नव्हत्या. तिथेही सरकारने पिढ्यान्‌पिढ्या मुले घरातून उचलून वसतिगृहांत घातली होती.

म्हणून मागणी एवढीच: येत्या जूनपासून धानोरा, एटापल्ली आणि भामरागडच्या प्रत्येक आश्रमशाळेत पहिली-दुसरीला मुलांची भाषा बोलणारी, ग्रामसभेने निवडलेली बाई पगारावर नेमा. वसतिगृहाची पाहणी करण्याचा आणि त्यावर लेखी उत्तर मागण्याचा हक्क ग्रामसभेला द्या. आणि मोहगावच्या शाळेला मान्यता द्या.

आपली,
गडचिरोलीतील एक निवृत्त शिक्षिका