तुळशीच्या कुंडीत पडलेल्या वस्तू आणि आजी

तीर्थस्वरूप आजी,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही नाशिकला मुलीकडे गेलात त्याला पाच महिने होत आले. नौपाड्यातली आपली बिल्डिंग आता पाडून झाली आहे, प्लॉटभोवती पत्रे लागलेत. आम्ही पाचपाखाडीत नवव्या मजल्यावर भाड्याने राहतो. निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता, आमचा लेक भिंगरी टेम्पोत चढून बसला होता आणि उतरायला तयार नव्हता. त्या गडबडीत मी तुमच्या पाया पडले खरी, पण बोलायचं ते राहूनच गेलं. आज ते लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. दोन खोल्यांच्या घरात दीड-दोन वर्षांचं पोर सांभाळणाऱ्या कितीतरी जणी ठाण्यात आहेत. प्रत्येकीला खालच्या मजल्यावर अशी आजी मिळत नाही. तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल.

भिंगरी हे नाव तुमचंच. आता पाळण्यातल्या नावाने त्याला हाक मारली तर तो वळूनही बघत नाही. चौदा महिन्यांचा असताना त्याने गॅलरीच्या गजांमधून वस्तू खाली सोडायला सुरुवात केली. पहिला गेला चमचा. मग टीव्हीचा रिमोट, माझी डावी चप्पल, अर्धी पोळी, इडलीपात्रातली एक ताटली, त्याच्या बाबांचा रेल्वेचा पास. सगळं जाऊन पडायचं ते तुमच्या तुळशीच्या कुंडीत, नाहीतर तिच्या आसपास. मी फोर्टहून लोकल पकडून सात-सव्वासातला घरी यायचे, तोवर तुम्ही सगळं पुसून, कापडी पिशवीत भरून आमच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवलेलं असायचं. पोळीचा तुकडासुद्धा कागदात गुंडाळून. भिंगरी पिशवीतून एकेक वस्तू काढून छातीशी धरायचा, वर्षांनी भेट झाल्यासारखी.

दिवसभर त्याच्यामागे सासूबाई असायच्या आणि त्यांचे गुडघे दुखायचे. मी ऑफिसात बसून घड्याळाकडे बघायचे. तशात एक दिवस पाण्याचा तांब्या खाली गेला. नशिबाने अंगणात कोणी नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही पिशवी न अडकवता वर आलात, तेव्हा मला वाटलं, आता बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत. तुम्ही मात्र जमिनीवर मांडी घालून बसलात आणि अर्धा तास नुसतं त्याच्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "अगं, हा फेकत नाहीये. हा ऐकतोय."

चमचा खणखणतो, पोळी गप्प पडते, रिमोटचे सेल टणाटण उडतात. तो सोडायचा, मान वाकडी करायचा आणि थांबायचा. ते थांबणं मी चार महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. तुम्ही बादलीत वीतभर पाणी मागितलंत, त्याला बाथरूमच्या उंबऱ्यापाशी बसवलंत आणि पुढ्यात मांडलंत नारळाची करवंटी, मुठीएवढा दगड, लाकडी डाव आणि काथ्याचा गुंडा. करवंटी तरंगली, दगड बुडाला, गुंडा आधी तरंगला आणि मग हळूहळू खाली गेला. चाळीस मिनिटं पोर जागचं हललं नाही. उठताना तुम्ही मला दोनच गोष्टी बजावल्यात. पाण्यापाशी त्याला क्षणभरसुद्धा एकटं सोडायचं नाही, आणि गॅलरीला उद्याच्या उद्या जाळी लावायची.

त्याच रात्री तुम्ही डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीबद्दल सांगितलंत. आपण एवढी वर्षं वर-खाली राहत होतो आणि मला ठाऊकच नव्हतं की 1974 साली तुम्ही त्या टेकडीवर बालवाडीचं शिक्षण घेतलं होतं. बालशिक्षणाचं तिथलं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक 1973 साली गेल्या, म्हणजे त्या तुम्हाला भेटल्या नाहीत, पण त्यांच्या सहकारी अनुताई वाघांना तुम्ही रोज पाहिलंत. ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, 1957 साली ते कोसबाडला नेलं. तेव्हा हा सगळा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो 2014 साली. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावं, असं म्हणून त्यांनी अंगणवाडी काढली. महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, दगड, पानं हाताशी घेतली. मी लहानपणापासून 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी पाटीवर वाचत आले. तो इतक्या जवळ जन्मला, आणि त्याचा एक धागा माझ्या बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत आला, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतर भिंगरीच्या दिवसाला कामं आली. तुम्ही त्याला 'नको' म्हणायच्या आधी काहीतरी हातात द्यायचात. मटार सोलताना रिकामी सालं टोपलीत टाकायचं काम त्याचं, आणि दाणे तुमच्या मांडीआड. शेंगदाणे-फुटाण्यांच्या बाबतीत तुम्ही कडक होतात: पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा तोंडात द्यायचा नाही, कूट करून द्यायचं. सासूबाईंच्या पोळपाटावर त्याला कणकेचा गोळा मिळायला लागला. त्याची पोळी काळी व्हायची, आकार कुठल्याच देशाच्या नकाशाशी जुळायचा नाही, आणि ती बाबांनीच खायची असा त्याचा हुकूम असायचा. बाबांनी ती प्रत्येक वेळी खाल्ली.

जांभळी नाक्याची ती सकाळ आठवते? त्याला लाल भोपळा हवा होता, फोड नको, अख्खा. नाही म्हटल्यावर तो भाजीवाल्यांच्या मधोमध उताणा पडला आणि टाचा आपटायला लागला. लोक वाट काढून जात होते, दोघी-तिघींनी मला सल्लेही दिले. मी त्याला ओढून उचलणार, तेवढ्यात तुम्ही माझा हात धरलात आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलात, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याला बोलला नाहीत की समजावलं नाहीत. रडण्यातला जोर ओसरला तेव्हा कोथिंबिरीची जुडी पुढे केलीत आणि म्हणालात, "ही घरी कोण नेणार?" तो उठला. नाक पुसायलासुद्धा थांबला नाही. जुडी दोन्ही हातांत धरून घरापर्यंत चालत आला. पोहोचेपर्यंत तिच्यात काड्याच जास्त उरल्या होत्या. मला तुम्ही म्हणालात, "त्याच्याकडे अंग भरपूर आहे, शब्द अजून थोडे आहेत." नंतर बूस्टरच्या लसीसाठी गेलो तेव्हा डॉक्टरांनीही सांगितलं की स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग सगळ्यात सावकाश तयार होतो, पार पंचविशीपर्यंत. तुमच्या वाक्याने ते मला आधीच कळलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय की एक-दोन वर्षांच्या मुलांची दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. "याची सकाळी नऊलाच संपतात!" आणि मग उरलेल्यासाठी तुम्ही त्याला तलावपाळीला न्यायला लागलात. मासुंदा तलावाला अर्धी फेरी चालत, अर्धी धावत, आणि शेवटी कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा. एकदा वाजवून त्याचं भागायचं नाही. मागे रांग लागली की तुम्ही त्याला खाली उतरवून रांगेच्या शेवटी उभं करायचात, पुन्हा नंबर येईपर्यंत. आज पाचपाखाडीच्या बागेत घसरगुंडीपाशी तो आपणहून मागे जाऊन उभा राहतो. तिथल्या आया मला विचारतात, कसं शिकवलं. मी तुमचं नाव सांगते.

आणि ती मे महिन्यातली रात्र. साडेनऊ वाजता स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा उपडा पडलेला दिसला, झाकण उघडं, आतला बटणासारखा सेल गायब. भिंगरी शेजारी बसून तोंड हलवत होता. तोंडात काही नव्हतं, पण गिळला की नाही हे कोण सांगणार? मी जिन्यातून तुम्हाला हाक मारली आणि तुम्ही पदर खोचत तशाच रिक्षात बसलात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो, हे हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे पायच गळाले. एक्स-रेच्या टेबलावर तो क्षणभर स्थिर राहीना. तुम्ही त्याच्या कानाशी वाकून म्हणालात, "भिंगरी, पोटाचा फोटो काढायचाय. दाखव बघू काकांना पोट." त्याने सदरा गळ्यापर्यंत वर केला आणि श्वास रोखून पडून राहिला.

पोटात काही नव्हतं. गळ्यात, छातीत, कुठेच नाही. सकाळी साडेसहाला तुम्ही दार वाजवलंत. तुळशीला पाणी घालायला गेलात आणि मातीत चमकताना दिसला. तांबे, चपला अडवणाऱ्या जाळीच्या भोकातून एवढासा सेल आरामात गेला होता. तुमच्या तळहातावर ओल्या मातीतला तो सेल बघून मी दारातच बसून रडले. तुम्ही डोक्यावर हात ठेवून उभ्या होतात. मागून भिंगरी आला, तुम्हाला पाहिलं आणि लगेच सदरा वर करून पोट दाखवलं. पुढचा आठवडाभर दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना पोट दाखवणं चालू होतं.

हे वाचणाऱ्या आईबाबांना माझी हात जोडून विनंती आहे: घरातले वजनकाटे, रिमोट, गाणारी खेळणी आजच तपासा. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर वस्तू कपाटावर ठेवा. आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

सासूबाई तुम्हाला नमस्कार सांगतात. तुम्ही रोज दुपारी दोन तास त्याला खाली नेत होतात म्हणून त्या आडव्या तरी होऊ शकायच्या, हे त्यांनी मला परवा सांगितलं. तुम्ही कधीच बोलला नाहीत. मी ऑफिसात निवांत बसू शकले, नोकरी सोडली नाही, त्यामागे ते दोन तास होते. त्याबद्दल तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? माझी आई आज असती, तर तिने तुमच्या हातात साखरेची वाटी ठेवली असती. मी नाशिकला येईन तेव्हा ती घेऊन येईन.

तुमची तुळस आमच्याकडे छान आहे. इथल्या खिडक्यांना अगदी बारीक जाळी आहे, त्यातून काहीच खाली जात नाही. तरी भिंगरी रोज संध्याकाळी चमचा घेऊन जाळीपाशी जातो आणि खाली वाकून "आजी, घे" म्हणतो. मग मान वाकडी करून थांबतो.

रविवारी सकाळी दहाला फोन करते. फोन कानापासून जरा लांब धरा, तो फार मोठ्याने बोलतो. तो "घे" म्हणाला की तुम्ही "घेतलं" म्हणा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सून