भाच्याला समजावण्याआधी

इंदूर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. तुझा निरोप मिळाला. फोनवर हे सगळं नीट बोलून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

"भाचा दोन वर्षं घरात बसून आहे, ना शिकतो ना कमावतो, तू इतकी वर्षं मुलांना शिकवलंस, तुझं ऐकेल, जरा समजाव त्याला," असं तू म्हणालीस. लोकमान्यनगरला ताईंकडे जाऊन आले. त्याच्याशी दोन तास बोलले. समजावलं मात्र नाही, आणि का नाही ते तुला कळावं म्हणून हे पत्र.

तो आळशी आहे, हे आधी मनातून काढून टाक. बी.कॉम. झाल्यावर त्याने भंवरकुआंला मध्य प्रदेश राज्यसेवेचा क्लास लावला. आता तिथे गल्लोगल्ली 'लायब्रऱ्या' झाल्या आहेत. नाव लायब्ररी, पण भाड्याने मिळते ती खुर्ची: समोर प्लायवूडची फळी, एक दिवा, मोबाइलसाठी प्लग. हा सकाळी सातला डबा घेऊन जायचा आणि रात्री जेवायला यायचा. वर्षानुवर्षं असं बसणाऱ्या मुलाला कामचुकार कसं म्हणायचं?

आणि परीक्षेचं काय झालं ते बघ. २०१९ च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल २०२३ च्या डिसेंबरात लागला. ओबीसी आरक्षण १४ टक्क्यांवरून २७ टक्के करण्याचं प्रकरण कोर्टात अडकलं, आणि शेवटी निकाल लावला तो ८७ टक्के जागांचा. उरलेले १३ टक्के रोखून ठेवले. बाविसाव्या वर्षी फॉर्म भरणारा मुलगा तोवर सव्विसाचा झाला. पटवारी भरतीचं तसंच. २०२३ च्या जूनअखेर निकाल आला, गैरप्रकाराचे आरोप झाले, आणि दोन आठवड्यांत नेमणुका थांबल्या. २०२४ च्या डिसेंबरात मुलं इथे लोकसेवा आयोगाच्या कार्यालयासमोर थंडीत रात्रंदिवस बसली होती, ते तू बातम्यांत पाहिलं असशील. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी विचारत असणार, "अजून किती वर्षं?"

ताईंना मी विचारलं, त्याने अभ्यास सोडला कधी? त्यांना सांगता येईना, कारण तसा दिवस उगवलाच नाही. आधी रविवारची टेस्ट चुकायला लागली. मग तो दुपारचाच जायला लागला. मग एका महिन्याचे लायब्ररीचे पैसे भरले नाहीत आणि ती खुर्ची दुसऱ्याला गेली. त्याच्या टेबलावर चालू घडामोडींची वही पडली आहे. मार्चपर्यंत सुवाच्य अक्षरात, लाल शाईने तारखा घालून लिहिलेली. एप्रिलचा मथळा घातलेला आहे आणि त्याखाली कोरी पानं. मी ती वही चाळत होते तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता.

मध्ये त्याने नोकरीही केली, हे तुला बहुतेक कोणी सांगितलं नसेल. एका फायनान्सवाल्याकडे वसुलीचं काम. पगारातले निम्मे पेट्रोलात जायचे, आणि ज्यांच्या दारात जायचं त्या माणसांची अवस्था बघवायची नाही. तीही सुटली. आता दूधसुद्धा तो भर दुपारी आणतो. त्या वेळी ओट्यावर कोणी बसलेलं नसतं ना. लग्नकार्याला जात नाही. "सध्या काय करतोस?" या एका प्रश्नापायी मुलगा घराबाहेर पडेनासा झाला आहे. सुनंदा, अशा मुलाला मी आणखी काय समजावणार होते? लाज त्याच्याजवळ गरजेपेक्षा जास्तच आहे.

मला जे दिसतं ते सांगते. नंदानगरला संध्याकाळी मी दहावी नापास मुलांचं गणित घेते, पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांचं. तिथेही हेच. एकही मूल "आजपासून शिक्षण बंद" असं ठरवून शाळेतून बाहेर पडलेलं नाही. आठवीपर्यंत ढकलत आणलं, नववीत बीजगणित समोर आलं आणि अपूर्णांकच येत नाहीत हे पहिल्यांदा उघडं पडलं. वर्गात मान खाली घालून बसण्यापेक्षा सियागंजच्या दुकानात पोती उचलणं बरं वाटतं. हातात रोकडा तरी येतो. मग दुकानदाराशी काही बिनसतं आणि तेही सुटतं. पहिले दोन-तीन महिने असे असतात की कोणी घरी जाऊन "ये बाबा परत" म्हटलं तर मूल येतं. वर्षभराने तेच बोलावणं घेऊन गेलं तर ते दारामागून आईला सांगतं, घरी नाही म्हणून सांग.

पण जाणार कोण? सहा ते चौदा वयाच्या मुलासाठी निदान कायदा आहे. चौदा ओलांडल्यावर तो कोणाचा? शाळा पटावरून नाव कमी करते. क्लासवाल्याचा संबंध फीपुरता. दुकानदार दुसरा पोऱ्या ठेवतो. प्रत्येकाने आपापल्या वहीतून नाव खोडलं, आणि कोणत्याच वहीत ते नव्याने चढलं नाही. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हे.

ब्रिटनमध्येही असंच घडलं होतं. १९८८ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचा सरकारी भत्ता बंद झाला, आणि ती बेरोजगारांच्या आकड्यातूनही नाहीशी झाली. पुढे १९९० च्या दशकात वेल्समध्ये अभ्यासक शोधायला निघाले तेव्हा करिअर कचेरीच्या नोंदींत शिक्षणाला एक, प्रशिक्षणाला दोन, नोकरीला तीन असे आकडे होते आणि या मुलांपुढे शून्य. पुढे इंग्लंडने अठरा वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि कोणतं मूल कुठे आहे याची माहिती ठेवणं स्थानिक प्रशासनाची जबाबदारी झाली. त्याने सगळं सुटलं असं नाही, पण विचारायला जाणारा एक माणूस तरी ठरला. आपल्याकडे योजना पुष्कळ आहेत. 'सीखो कमाओ' मध्ये शिकताना महिन्याला आठ ते दहा हजार मिळतात, आयटीआय आहे, पीथमपूरला कारखाने आहेत. या प्रत्येक दारापर्यंत मुलाने स्वतःच्या पायाने, स्वतः फॉर्म भरून यायचं. दूध आणायला दुपारची वेळ धरणारा मुलगा तिथवर येईल कसा?

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले. तुझ्या निरोपात भाचीचा उल्लेखही नव्हता.

ती बारावी होऊन घरी आहे. आजींना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं अंघोळपाणी, औषधं, दोन वेळचा स्वयंपाक तिच्याकडे. कॉलेजात नाव घातलेलं नाही, नोकरी नाही, कसलं शिक्षण चालू नाही. म्हणजे भावासारखीच ती, फरक एवढाच की पहाटे पाचपासून ती राबते आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे आपल्या देशाचे आकडे आहेत: शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेले तरुण मुलगे ९.८ टक्के, आणि मुली ४८.४ टक्के. मुलगा बसला की घरात चिंता आणि नातलगांत चर्चा. मुलगी बसली की "घरी असते", आणि विषय संपला. मी निघताना तिने चहाचे कप उचलले आणि हळूच विचारलं, "मावशी, प्रायव्हेट बी.ए.चे फॉर्म कधी निघतात?" ताई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आजींकडे कोण बघेल?"

भाच्याचं असं ठरवलं आहे की पुढच्या सोमवारपासून तो माझ्या वर्गाला येईल, विद्यार्थी म्हणून नव्हे, सातवी-आठवीचं गणित शिकवायला. मानधन थोडं आहे, पण आहे. आधी "बघतो" म्हणाला. मी निघाले तेव्हा चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत सोडायला आला आणि किती मुलं असतात ते विचारलं. तू त्याला एवढ्यात फोन करू नकोस.

फोन ताईंना कर. भाचीसाठी रोज तीन तास आजींजवळ बसायला एक बाई ठेवायची आहे. आमच्या गल्लीत एक आहेत, विश्वासू आहेत. त्यांचा पगार अर्धा तू आणि अर्धा मी असा वाटून घेऊ. फॉर्मची फी मी भरते. ताई माझ्यासमोर संकोचतील, तू सख्खी बहीण आहेस, तुझं मोडणार नाहीत. फॉर्मची शेवटची तारीख कळली की लगेच कळवते. त्याआधी त्यांच्याशी बोलून ठेव.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
वृंदा